मध्यम वजनाचा

आजोबांचं दुकान खोगिरांचं.
आधी शेतातले घोडे गेले, मग खाणीतले,
आणि फाइफमधल्या त्या कोळशाच्या गावात
उरली टपालानं येणारी पत्रं:

मुलं दांडगट आहेत, जाड पाठवावा.
वर्ग लहानांचा आहे, हलका चालेल.
कडा जरा घासून द्याव्यात,
गेल्या खेपेला मनगटावर रक्त आलं.

आजोबा कडा घासत.
आधी काचेच्या तुकड्यानं, मग हाडानं,
मग मेण लावून चिंधीनं, तासन् तास.
चामडं टोकापासून वीतभर मधोमध चिरत,
दोन शेपटं सुटी करत,
मुठीच्या बाजूला शिक्का मारत: ह्यू रिंटोल.
रक्त निघता कामा नये.
एवढं एक व्रत होतं त्यांचं,
आणि ते त्यांनी पाळलं.

मी नऊ वर्षांची.
फेब्रुवारीतला पहिला र गाळला,
सलग तिसऱ्यांदा.
मिस किनियर काही दुष्ट नव्हत्या.
त्याच जानेवारीत त्यांनी मला
आपले लोकरी हातमोजे दिले होते, कायमचे.
त्यांनी खण उघडला.
उजव्या तळव्यावर डावा ठेव, म्हणाल्या,
आणि माझी बाही स्वतःच्या हातानं
मनगटावर ओढून घेतली,
आई थंडीत ओढते तशी.

दोन.
सगळा वर्ग मोजत होता, मनात.

संध्याकाळी सातूचं सूप. चमचा धरवेना.
आजोबांनी माझा हात दिव्याखाली घेतला.
मला वाटलं, विचारतील, का मारलं?
किंवा, कुणी?
त्यांनी खिशातून पितळी पट्टी काढली,
वळावर आडवी ठेवली.
दीड इंच, म्हणाले.
मध्यम वजनाचा.
आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच:
कडा बरोबर आहेत.

मग ते जेवले नाहीत.
आजी झाकणं आपटत होती.
मी सोडलं तर दुसरा कुणी करील, ते म्हणाले,
आणि तो कडा घासणार नाही.
आजी म्हणाली, करू दे की.
त्याच्या नातीचा हात त्याला मोजू दे.

शाळेत ते गेले नाहीत.
त्या आठवड्यात तीन पार्सलं रवाना झाली,
मीच सुतळीच्या गाठीवर बोट धरलं,
दुखरं नव्हतं ते.
वाढदिवसाला त्यांनी मला दप्तर शिवून दिलं.
तेच कातडं, तोच टाका, तोच मेणाचा वास.
सात वर्षं ते पाठीवर घेऊन
मी त्याच दारातून आत गेले,
आणि सांगायला लाज वाटते,
दप्तर फार सुंदर होतं.

पुढे कायदा झाला. पत्रं थांबली.
आजोबा कुत्र्यांचे पट्टे करू लागले,
तेही कडा घासून.

परवा एका संग्राहकाचा फोन आला.
शिक्का असलेला एखादा आहे का?
न वापरलेला असेल तर दुप्पट देईन.
नाही, म्हणाले मी.
आहे. शिवणयंत्राच्या खणात,
मूळच्या खाकी कागदात.

रात्री काढला.
डाव्या तळव्यावर ठेवून पाहिला, गार, जड,
जणू कुणी हात हातात घेतलाय.
काही झालं नाही. साठी उलटली माझी,
फेब्रुवारी अजून दोनदा लिहून बघते, तेवढंच.

मग उजव्या हातात धरला.
आणि मूठ आपोआप मिटली,
बोटांना आपापली जागा मिळाली,
अंगठा नावाच्या शिक्क्यावर.
काय धरायला जमलाय तो!
जरासं मनगट हलवलं, नुसतं बघायला,
तर खांदाही उचलला गेला.

कागदात परत गुंडाळताना
गाठ मला डाव्या हातानं मारावी लागली.